वजनाला वजन

"पाटीवर वडिलांचं नाव कसं लिहायचं? आडनावासकट की नुसतं?" असं संग्रहालयातल्या गृहस्थांनी फोनवर विचारलं, तेव्हा मी कुंडलच्या घरी हरभऱ्याची भाजी निवडत बसले होते. भाजी तशीच बाजूला सारली. म्हटलं, सबंध नाव लिहा, आणि त्यापुढं 'गलाई कामगार, विटा' असंही लिहा. ते म्हणाले, लिहू की, पण त्याआधी नाणं एकदा आम्हाला नीट बघावं लागेल. मी म्हटलं, बघा, दहादा बघा, मला काय भीती आहे?

त्या पाटीत माझा जीव अडकला होता, हे आधीच सांगून टाकते. आमच्या विट्याकडची माणसं भारतभर गलाईचं काम करतात. जुनं, मोडकं सोनं-चांदी भट्टीत गाळायचं, त्यातलं हिणकस काढायचं आणि शुद्ध धातू गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा, हे ते काम. आमचे दादा, म्हणजे वडील, त्यासाठी अमृतसरला गेले ते मी जन्मायच्या आधी. वर्षातून एकदा यायचे. आले की आधी औंधला डोंगरावर यमाईचं दर्शन, मग घर. बोटांवर तेजाबाचे, म्हणजे ॲसिडचे, पिवळे डाग, ते कशानं जायचे नाहीत. आख्खं आयुष्य दुसऱ्याच्या सोन्याचा धूर खाल्ला माणसानं. त्यांच्या हातून गेलेल्या सोन्याची किती मंगळसूत्रं झाली असतील, आणि ह्यांचं नाव कुठं? तर रेशनकार्डावर. म्हणून मला ती पाटी हवी होती. काचेच्या पेटीत नाणं आणि खाली दादांचं नाव, शाळेच्या सहलीतली पोरं येताजाता वाचतील असं.

नाणं घरात आलं तेव्हा मी सातवीत होते. दादांनी तंबाखूच्या डबीतून काढून माझ्या तळहातावर ठेवलं. चांगलं जाडजूड, काळपट, दीड तोळा तरी भरेल असं. एका बाजूला एका राजाचं तोंड, आणि त्या राजानं डोक्यावर हत्तीचं कातडं टोपीसारखं घातलेलं, सोंड वर उभी. दुसऱ्या बाजूला एक उघडा तरणाबांड गडी स्वतःच्याच डोक्यावर स्वतःच मुकुट चढवतोय. आई म्हणाली, "आगं बया, चड्डी तरी घालायची त्याला." राजाच्या कानामागं एक खोल घाव होता. माझं नख त्यात बरोबर बसायचं.

त्या घावाची गोष्ट दादा दरवर्षी सांगायचे, आणि दरवर्षी तशीच. "सरहद्दीपलीकडनं आलेला एक म्हातारा व्यापारी गठुडं घिऊन आला. जुनी नाणी, काळी कुळकुळीत. म्हनला, गाळून दे. मी म्हनलो, देतो. तेजाबात घातली तवा चांदी इरगळली आन् तळाला काळी माती ऱ्हायली. ती माती न्हवं गं, सोनं. जुन्या लोकास्नी चांदीतलं सोनं सोडवाय येत नव्हतं. म्हणून जुन्या चांदीत थोडं सोनं ऱ्हातंच, थोडं शिसंबी ऱ्हातं. तर शेवटचं नाणं ऱ्हायलं. आत काय हाय बघाय छिन्नी मारली, आन् बघतोय तर ह्यो राजा माझ्याकडंच बघतोय. हात थांबला."

मग त्या व्यापाऱ्याला दादांनी तेवढ्याच वजनाची, तेवढ्याच कसाची आपली चांदी दिली आणि नाणं ठेवून घेतलं. व्यापाऱ्यानं ब्र काढला नाही. गलाईच्या धंद्यात हाच रिवाज. गिऱ्हाईक पाटली देतं, पैंजण देतं, आपण धातू परत देतो. दिलेल्या डागाचा, म्हणजे दागिन्याचा, आकार कुणी परत मागत नाही. वजनाला वजन, कसाला कस, की व्यवहार पुरा. हे आमच्या घरात श्लोकासारखं म्हटलं जायचं.

त्या नाण्यानंच मला इतिहासाची मास्तरीण केलं. कॉलेजात गेल्यावर कळलं की हिंदुस्थानवर चालून आलेला तो जगजेता ग्रीक राजा मेल्यावर त्याच्या सरदारांनी राज्य वाटून घेतलं, त्यातली एक पाती पार बाल्खपर्यंत आली, आणि तिथं बसून त्या ग्रीक राजांनी अशी देखणी चांदीची नाणी पाडली की आजही माणूस बघत राहतो. एकाचं वजन चार द्रम्म. आपण 'दाम' म्हणतो तो शब्द त्याच घराण्यातला. हत्तीचं कातडं डोक्यावर का, तर आम्ही हिंदुस्थानची वाट तुडवली हे जगाला दाखवायला. केवढी ही मिजास! पुढं मी शिकवायला लागले, लग्न होऊन कुंडलला आले, आणि पाचवीला शिकवायला मिळालं की वर्षातून एक दिवस नाणं वर्गात न्यायची. बाकावरनं बाकावर फिरवायची. पोरं विचारायची, "बाई, ह्यो गणपती हाय का?" मी म्हणायची, नाही रे बाबांनो, हा एक परदेशी राजा आहे, आणि हा माझ्या वडिलांमुळे वाचला. घावात नख घालून बघा. पोरं एकेक करून नख घालून बघायची.

नाणं तोवर दादांचंच होतं, मी आपली मागून न्यायची. धाकटा भाऊ दहावीनंतर अमृतसरला दादांच्या हाताखाली गेला होता. एका वर्षी दादा सुट्टीवर आले आणि जाताना नाणं घेऊन गेले. "लय काळं पडलंय, साफ करून आणतो," म्हणाले. मी म्हटलं, दादा, साफ करू नका, जुन्या नाण्याचा काळेपणाच खरा. ते म्हणाले, "मला शिकवती व्हय गं?" आणि हसले. मीही हसले. पुढच्या वर्षी नाणं परत आलं ते स्वच्छ, पांढरं, चकचकीत. मी चरफडले, पण करते काय. दादांनी आयुष्यभर चांदी उजळायचंच काम केलं, त्यांना काळेपणाचं कौतुक कुठून असणार, असं स्वतःला समजावलं.

त्याच वर्षी दादांनी विट्याला पेठेत भावाच्या नावावर गाळा घेतला. अमृतसरचं भाड्याचं दुकान आवरून दोघं कायमचे गावी आले. सगळे म्हणाले, म्हाताऱ्यानं पै पै जोडून गाळा उभा केला. मीही तेच म्हणाले, आणि अभिमानानं म्हणाले.

आणि मग औंध. दादांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. डोंगराच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "लेकीला नाणं, ल्योकाला घर आन् गाळा. माझ्या मागं भांडायचं न्हाई." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी म्हटलं, दादा, वर चला, यमाईच्या पुढ्यात द्या. ते म्हणाले, "गुडघं दुखत्यात, हितंच घे." गुडघे दुखत होते, खरं आहे. पण आता ती पायरी आठवली की वाटतं, ज्या माणसानं एकही वर्ष दर्शन चुकवलं नाही, तो त्या दिवशी पायरीवरनंच कसा वळला? मला तेव्हा काही वाटलं नाही. मी डबी पदरात बांधली आणि एकटीच वर जाऊन यमाईला हळदी-कुंकू वाहून आले.

दादा गेले. दिवस-कार्य झालं आणि भाऊ म्हणाला, आक्का, तेवढं हक्कसोडाचं उरकून घेऊ. आमच्याकडं बहिणीनं सही दिली की माहेर टिकतं, अशी रीत आहे. सही नाही दिली तर दिवाळीला बोलावणं येत नाही, हीही रीतच. पण मी रीत म्हणून सही केली नाही, हे माझ्या भावाला चांगलं ठाऊक होतं. मी सही केली कारण माझा वाटा मला मिळाला होता. मला तर वाटत होतं, माझाच वाटा मोठा आहे, बिचाऱ्याला नुसत्या विटा आणि पत्रा मिळालाय. विट्याच्या कचेरीत तो माझ्या शेजारी बाकावर बसला होता. सही झाल्यावर त्यानं इरकल साडी दिली, पाया पडला, त्याचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, दादांची आठवण आली असेल.

तर आता पाटीची गोष्ट. मी नाणं घेऊन संग्रहालयात गेले. गृहस्थ सज्जन होते, चहा दिला, मग भिंग लावून बराच वेळ बघत बसले. बघताना त्यांचा चेहरा बदलला, ते मला कळलं. वर्गात पोरगं पाठांतर विसरलं की तोंडावर येतं ते मला लांबून कळतं, तर हे का कळणार नाही? ते म्हणाले, "बाई, हा छिन्नीचा घाव म्हणता ना? छिन्नीनं कापलेल्या धातूची कड धारदार असते. ही गोल आहे. घाव मारलेला नाही, घावासकट ओतलेलं दिसतंय. एकदा कस तपासून घेऊ या का?"

माझं डोकं सणकलं. म्हटलं, साहेब, मी फुकट देतेय, विकायला नाही आले. इतक्या पोरांनी नखं घातलीयत त्यात, गोल नाही व्हायची तर काय? ते शांतपणे म्हणाले, तसंही असेल. त्यांच्या त्या शांतपणानं मी आणखीनच भडकले. डबी उचलली आणि म्हटलं, माझ्या भावाचं दुकान आहे विट्यात, कस मोजायचं टंच मशीन आहे त्याच्याकडं, आकडाच आणून देते तुम्हाला. जुन्या चांदीत सोनं राहतं, शिसं राहतं, हे तुम्ही मला नका सांगू, हे मी सातवीत शिकलेय.

संग्रहालयातून निघाले ती थेट विटा. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, कुणीकडं? मी म्हटलं, माहेरी. तेवढं बोलून गप्प बसले, कारण भांडण मनात चालू होतं आणि त्यात मी जिंकत होते.

भाऊ दुकानात एकटाच होता. पलीकडं भट्टी धगधगत होती. मी सगळं सांगितलं आणि डबी काउंटरवर ठेवली. म्हटलं, लाव रे मशीनला. त्यानं डबीकडं बघितलं, हात लावला नाही.

"बस की आक्का. च्या सांगतो."

"चहा नंतर. आधी लाव."

"त्या मशीनचा काय भरवसा न्हाई बघ. आज जरा बिघडल्यावानीच करतंय."

"मघाशी तो माणूस अंगठी तपासून गेला ती कशावर तपासली?"

तो म्हणाला, "देऊ नको त्यास्नी. घरात ठिव. दादांची आठवण हाय, लोकांच्या पेटीत कशाला?"

मी काउंटरच्या आत गेले, नाणं उचललं आणि स्वतःच मशीनच्या झाकणाखाली ठेवलं. म्हटलं, बटण दाब, नाहीतर मी शेजारच्या दुकानात जाते. शेजारच्या दुकानात म्हटल्यावर त्यानं बटण दाबलं. गलाईवाल्याला सगळं सोसतं, आपला डाग दुसऱ्याच्या मशीनवर गेलेला सोसत नाही.

पडद्यावर आकडा आला. चांदी नव्व्याण्णव पूर्णांक नऊ. सोन्याच्या पुढं शून्य. शिशाच्या पुढं शून्य.

मला आधी वाटलं, वा, किती शुद्ध! खरंच, पहिला विचार तोच आला, गलाईवाल्याची लेक ना मी. मग दादांचाच आवाज कानात आला. जुन्या चांदीत थोडं सोनं ऱ्हातंच, थोडं शिसंबी ऱ्हातं. इतकी शुद्ध चांदी बाल्खच्या राजाला करता येत नव्हती. इतकी शुद्ध चांदी आमच्या घरात करत होते.

मी भावाला विचारलं, "कुणी केलं हे?"

त्यानं भट्टीकडं तोंड केलं. "साचा दादांनी केला. भट्टी मी धरली."

"आणि खरं?"

"अमृतसरलाच दिलं. दिल्लीचा एक मानूस लय दिवस मागं लागलेला. त्याच्यातनंच ह्यो गाळा." मग घाईघाईनं म्हणाला, "मी म्हनलो हुतो, दादा, जरा तांबं-शिसं घाला, जुन्यावानी दिसंल. दादा म्हनलं, आपल्या हातनं हिणकस व्हायचं न्हाई."

मी खाली स्टुलावर बसले. माझ्या बापाचा मला राग येत होता आणि ह्या एका वाक्यावर हसूही येत होतं. चांदीशी बेइमानी करायला त्यांचा हात धजला नाही. माझ्याशी करायला धजला. आणि मी? मी पुढंही दरवर्षी बाकावरनं बाकावर हेच फिरवलं. पोरांना म्हटलं, नख घालून बघा. सगळं आयुष्य मी त्या माणसाची गोष्ट सांगत आले, आणि त्यानं मला नाणं दिलंच नव्हतं. विकू का असं विचारलं असतं तर मी विकू दिलं असतं का? माहीत नाही. कदाचित रडून-भेकून दिलं असतं. पण मला विचारलं असतं तर निदान मी लेक ठरले असते.

"हक्कसोडाच्या दिवशी तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"व्हय."

"माझ्या पाया पडलास."

तो म्हणाला, आणि ह्या बोलण्यानं मी जी पेटले ती आजतागायत विझले नाही, "आक्का, पर तुझं नुस्कान काय झालं? दादांनी वजनाला वजन दिलं. कसाला तर चढंच दिलं. धंद्यात ह्यालाच इमान म्हनत्यात. तुला नाणं हातात पायजे हुतं, हातात दिलं."

"मी गिऱ्हाईक नव्हते रे," मी म्हटलं.

त्याला ते कळलं नाही. खरंच कळलं नाही, त्याच्या तोंडावरनं दिसत होतं. माझा भाऊ काही डांबिस माणूस नाही. दादाही नव्हते. हेच तर दुःख आहे. डांबिस असते तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

मी नाणं मशीनमधून काढलं, त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे गाळ."

"काय?"

"मुशीत टाक. माझ्यासमोर गाळ आणि मला वजनाला वजन दे. भट्टी चालूच आहे."

त्यानं नाणं मुठीत धरलं. मुशीकडं बघितलं, पुन्हा मुठीकडं बघितलं. उभ्या आयुष्यात लोकांच्या आज्यांच्या पुतळ्या, लोकांच्या आयांची जोडवी त्यानं डोळ्याचं पातं न लवता गाळलीयत. मूठ उघडेना.

"आक्का," तो म्हणाला, "दादांच्या हातचं हाय. साच्यावर सात-आठ दिस बसलं हुतं गं ते, डोळं दुखस्तवर. दुसरं काय ऱ्हायलंय त्यांच्या हातचं? हे कसं गाळू मी?"

"का? तुझं नुकसान काय होतंय? वजनाला वजन मिळेल की."

आता मात्र कळलं त्याला. तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मूठ तशीच छातीशी. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. आधीच्या कुठल्याही वेळी ठेवला असता.

रडून झाल्यावर तो उठला. गल्ल्यातून चांदीचा एक तुकडा काढला, काट्यावर एकीकडं नाणं ठेवलं, दुसरीकडं तुकडा, कानशीनं घासून घासून बरोबर केला. मग सवयीनं काटा माझ्याकडं वळवला आणि म्हणाला, "बघून घे, आक्का."

मी बघून घेतलं. बरोबर होतं. नाणं त्यानं ठेवलं, तुकडा मी पदरात बांधला आणि चहा न घेता निघाले.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयात फोन केला. गृहस्थांना सांगितलं, नाणं नाही, पाटीही नको. ते हळू आवाजात म्हणाले, "वाईट वाटलं, बाई. पण चांदी तरी खरी निघाली का?" मी म्हटलं, "एकदम खरी. वडील त्या बाबतीत फार काटेकोर होते."

दिवाळीला भावाचं बोलावणं आलं होतं. मी गेले नाही. तुकडा तंबाखूच्या त्याच डबीत ठेवलाय. त्याच्यावर कुणाचं तोंड नाही, घाव नाही. परवा नातेवाइकांतल्या एकीनं विचारलं, हे काय गं ठेवलंयस? मी म्हटलं, माहेरचा वाटा.